शॉट एकशे चौदा

महाप्याच्या काचेच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
अकरा महिने मी एका मुलीचे केस हलवत होते.
मुलगी सोळा वर्षांची. नाव ठरायचं होतं,
फाइलीत ती नुसती ‘तिसरी’.
पहिली उडायची, दुसरी मुठीत वीज धरायची,
तिसरीला पाण्याखाली श्वास घेता यायचा,
म्हणून सगळं अवघड काम तिच्या वाट्याला
आणि तिचे केस माझ्या.

पाण्यात केस पडत नाहीत.
थोडा विचार करतात, मग वळतात,
डोकं थांबलं तरी जरा वेळ चालत राहतात.
हे मला कुठल्या कोर्सात शिकवलं नाही.
दिवाळ्याच्या जेट्टीवरून सुगंधाआत्याची पोर
उडी मारायची
आणि मी काठावर बसून बघायचे,
माझे केस कोरडे.

सिनेमात तळातून काहीतरी वर येतं,
शहराएवढं.
आधी त्याला दात होते.
चाचणीच्या खेळाला मुलं रडली म्हणून काढले,
पुढच्या खेळाला हसली म्हणून परत बसवले.
दर सोमवारी परदेशातून शेरे यायचे:
पाणी अजून निळं करा.
मी करायचे.
रात्री कंपनीची गाडी नाल्याच्या पुलावर आली
की सगळे नाक दाबायचे, झोपेतसुद्धा.
खालच्या पाण्याचा रंग कोण ठरवतं
ते कुणी विचारत नव्हतं.

बाबांना एकदा लॅपटॉपवर दाखवलं.
बराच वेळ बघून म्हणाले,
“आन ह्या पान्यान चिखल कुठं हाय गो?
चिखल नाय तं मासली जगल कशी?”

मग शॉट एकशे चौदा आला.
तिसरी तळाशी गुडघा टेकते.
चार सेकंद. शहाण्णव चौकटी.
तिच्या डोळ्यांवरून कुणाची नजर हलणार नाही असा शॉट.
मी उजव्या कोपऱ्यात, दगडाला लागून,
एक निवटी ठेवली.
बोटाएवढी, डोळे डोक्यावर,
पुढच्या परांवर रेललेली,
ओहोटीत आमच्या दारासमोर रेलायची तशी,
भाडं मागायला आलेल्या घरमालकिणीसारखी.
निवटी भर समुद्राच्या तळाशी नसते,
एवढं मलाही कळतं.

सोमवारी शेरे आले.
केस: ठीक. पाणी: अजून निळं.

सीवूड्सच्या मॉलमध्ये रविवार सकाळचा खेळ, मराठीत डब केलेला.
भावाची दर्शिका, तिच्या वर्गातल्या आफ्रिन आणि प्रज्वला,
तिघींची मिळून एक मोठी बादली पॉपकॉर्न.
“एवढी मारामारी करून हिचं काजळ कसं फिसकटत नाही?”
“तो काका आपल्या गणिताच्या सरांसारखा बोलतो.”
मी पडद्याकडे बघतच नव्हते,
आकडे मोजत होते. एकशे बारा. तेरा.

“निवटी!”

अख्ख्या अंधारात दर्शिका उभी.
मागून कुणीतरी श्शू केलं.
“होती,” ती खाली बसत म्हणाली, “मी बघितली.”
पुढे तळातलं ते कसं हरलं, मला आठवत नाही.
दिवे लागले, झाडूवाला आला,
आम्ही सात मिनिटं नावं वाचत थांबलो.
माझं आलं. आडनावातलं एक अक्षर
कुणीतरी खाल्लेलं.

“खरी बघायची,” सरकत्या जिन्यावर आफ्रिन म्हणाली.
ओहोटी चार वाजून वीस मिनिटांनी होती.
जेट्टीवर आम्ही चौघी.
चिखलात एक चप्पल, निर्माल्याची पिशवी,
आणि छिद्रं, शेकडो,
कोण घरात आहे ते सांगत नाहीत अशी.
“तिची पॉवर काय असते?” प्रज्वलाने विचारलं.
“आत पण श्वास घेते, बाहेर पण.”
“आणि?”
“आणि काय? तू घेऊन दाखव इथे.”
तिघींनी नाक दाबून हसायचा प्रयत्न केला.

ऊन उतरलं. छिद्राजवळ काहीतरी हललं.
बुडबुडा असेल, असं मी म्हणणार होते.
पण बुडबुडे मी अकराशे केलेत,
हात ओळखतो त्यांना.
हा त्यातला नव्हता.